एकशे अठरा मैल, बेचाळीस मिनिटं

कुठल्याही दोन विमानतळांची नावं टाकली की त्यांच्यातलं अंतर आणि उड्डाणाला लागणारा वेळ सांगणाऱ्या वेबसाइट असतात. त्या दोन ठिकाणांच्या मध्ये खरोखर एखादं विमान जातं का, हे त्या सांगत नाहीत. नकाशावर सरळ रेघ ओढायची, तिची लांबी मोजायची, विमानाच्या वेगाने भागायची, की झालं उत्तर. हे मला त्या शनिवारी लगेच कळलं. नवऱ्याला कळायला तासभर लागला.

एप्रिल महिना होता. सासूबाई दोन महिने मिनियापोलिसजवळ ईडन प्रेरीला माझ्या नणंदेकडे राहून आमच्याकडे डॅलसजवळ प्लेनोला यायला निघाल्या होत्या. वय शहात्तर, नागपूरच्या, अंगाने काटक. सकाळी फिरायला निघाल्या की मला मागे टाकतात. इंग्रजी मात्र ‘थँक्यू’ आणि ‘नो मीट’ एवढंच. म्हणून नणंदेने त्यांच्यासाठी व्हीलचेअर मागवली होती.

इथे राहणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. तिकडून येणारे निम्मे आईवडील अमेरिकेतल्या विमानतळांवर व्हीलचेअरमधून फिरतात, आणि ते काही पाय दुखतात म्हणून नाही. ती खुर्ची म्हणजे त्यांची दुभाषी. खुर्ची ढकलणारा माणूस रांगेतून पुढे काढतो, गेट बदललं तर नव्या गेटवर नेतो आणि शेवटी सामानाच्या पट्ट्यापाशी आणून मुलाच्या ताब्यात देतो. तोंड उघडावं लागत नाही. नियम एकच, खुर्चीतून उठायचं नाही. धडधाकट दिसलात तर पुढच्या वेळी खुर्ची मिळणार नाही, असं आम्ही सगळेच आपापल्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना बजावून ठेवतो.

सासूबाईंना मधुमेह आहे. सकाळी नाश्त्याच्या वेळी घेतलेलं इन्सुलिन दुपारी जोरात काम करतं, त्यामुळे बाराच्या सुमारास पोटात जेवण गेलंच पाहिजे. नाही गेलं तर साखर खाली येते, घाम सुटतो, बोलणं अडखळतं आणि पुढे शुद्धही जाऊ शकते. घरात हे आम्ही दोनदा पाहिलं होतं. पण विमान अकराला डॅलसला उतरणार होतं आणि मी भाजी करून, कणीक मळून ठेवली होती. काळजीचं कारण नव्हतं.

आम्ही दोघं विमानतळावर पोचलो तेव्हा पश्चिमेकडून आभाळ काळंनिळं होऊन वर चढत होतं. नवऱ्याच्या फोनवर सासूबाईंचं विमान डॅलसच्या वर गोल गोल फिरताना दिसत होतं. चार फेऱ्या झाल्या, पाचवी अर्धी झाली आणि ते वळून वायव्येला निघालं.

“कुठे चाललंय?” मी विचारलं.

“पेट्रोल संपत आलं असेल.” नवरा फोनमध्ये डोकं घालून म्हणाला. “उतरवतायत कुठेतरी.”

ते उतरलं ओक्लाहोमाच्या हद्दीवरच्या एका लहान शहरात. तिथला विमानतळ म्हणजे एक इमारत आणि दोन गेटं. नवऱ्याने ताबडतोब ती वेबसाइट उघडली. तो विमानतळ आणि आमच्या घराजवळचा छोटा विमानतळ, अशी दोन नावं त्याने टाकली आणि त्याचा चेहरा उजळला.

“एकशे अठरा मैल. फ्लाइट टाइम बेचाळीस मिनिटं. वादळ गेलं की येतीलच.”

“अरे, त्या दोन ठिकाणांत विमान जातंच नाही.”

“अंतर कळावं म्हणून बघतोय गं.”

“अंतर काय करायचंय? आईंनी खाल्लंय का ते बघ.”

मी शाळांच्या बसगाड्यांचं वेळापत्रक बसवणाऱ्या ऑफिसात काम करते. तिथे पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट अंगवळणी पडते. नकाशावरचं अंतर आणि मूल घरी पोचायला लागणारा वेळ यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. पण नवरा सॉफ्टवेअरमधला. पडद्यावर आकडा दिसला की त्याला वाटतं, काम निम्मं झालं.

सासूबाईंचा फोन लागत नव्हता. त्यांच्या फोनमध्ये भारतातलं सिम, वायफाय असेल तरच चालणारं. मी नणंदेला फोन लावला. तिने खास परवानगी काढून त्यांना मिनियापोलिसच्या गेटपर्यंत सोडलं होतं.

“वहिनी, काळजी करू नका. डबा दिलाय. दशम्या आहेत, शेंगदाण्याची चटणी आहे. शुगर लो झाली तर ग्लुकोजच्या गोळ्यापण आहेत.”

“कशात दिलायस?”

“चाकांच्या छोट्या बॅगेत.”

“ती बॅग त्यांच्याजवळ आहे?”

ती हळूच म्हणाली, “विमान छोटं होतं ना. बॅग वर मावत नाही म्हणून दारातच काढून घेतली. मी काचेतून बघत होते. उतरताना दारात परत देतात म्हणे.”

म्हणजे डबा आणि गोळ्या विमानाच्या पोटात होत्या. बारा वाजून गेले होते.

आता हाताशी असलेलं एकच शस्त्र होतं, ऑस्टिनला नोकरी करणारी आमची मुलगी. एअरलाइनला फोन करायचा असला की आम्ही तिलाच सांगतो. आमच्या उच्चारांना दहा प्रश्न विचारतात, तिचा जन्म इथला, तिला सरळ उत्तर मिळतं. तिने फोन लावला आणि बराच वेळ होल्डवर राहून आम्हाला उलट फोन केला.

“मॉम, फ्लाइट कॅन्सल. क्रूचे ड्युटी अवर्स संपले. सगळ्या पॅसेंजर्सना बसने डॅलसला आणतायत.”

“झालं तर मग!” नवरा म्हणाला.

“डॅड, लिसन. आजी बसमध्ये नाहीये. एअरलाइनच्या रेकॉर्डमध्ये लिहिलंय की तिला पायऱ्या चढता येत नाहीत. बसला लिफ्ट नाही. लिफ्टवाली व्हॅन दुसऱ्या टाउनमधून येणार. मे बी फोर, मे बी फाइव्ह.”

मी नणंदेला पुन्हा फोन लावला. तिने कबूल केलं. व्हीलचेअर मागवताना तीन पर्याय असतात. लांब चालता येत नाही, पायऱ्या चढता येत नाहीत, अजिबात उठता येत नाही. पहिला निवडला तर कधी कधी विमानाच्या दारात सोडून देतात, म्हणून तिने दुसरा निवडला होता. म्हणजे माणूस सीटपर्यंत सोबत येतो. तिच्या सगळ्या मैत्रिणी तसंच करतात. खोटं बोलायचं नाही, मीसुद्धा माझ्या आईसाठी तेच केलं असतं.

“मी गाडीने निघते.” मी नवऱ्याला म्हटलं.

“थांब. आणि आई बसमध्ये असली तर? तू तिकडे, ती इकडे!”

“म्हणून तू इथे थांब. मी जाते.”

“या वादळात?”

“तू जातोस? मग घे ही किल्ली.”

त्याने किल्ली घेतली नाही. वादळात गाडी माझ्या हातात जास्त सुरक्षित असते, हे त्याला माहीत आहे.

रस्ता साधारण सव्वादोन तासांचा. पहिला अर्धा तास पावसातून निघाला. वायपर सगळ्यात जोरात फिरत होते तरी पुढच्या ट्रकचे लाल दिवेच काय ते दिसत होते. मी गाडीच्या स्पीकरवरून त्या विमानतळाचा नंबर लावला. रेकॉर्ड केलेला आवाज, एक दाबा, दोन दाबा, मग नुसतीच रिंग. पुन्हा लावला. तेच. मुलगी मधेच फोनवर आली.

“मॉम, नाइन-वन-वनला कॉल करूया. वेलनेस चेक सांगू, पोलीस जाऊन आजीला बघतील.”

तिकडून नवरा ओरडला, त्यालाही तिने त्याच कॉलवर घेतलं होतं. “पोलीस बघून आईला अटॅक येईल!”

“साखर उतरली तर त्याआधीच येईल.” मी म्हटलं. “दहा मिनिटं द्या. तोवर मला काही जमलं नाही तर तू कॉल कर.”

एखादी शाळा फोन उचलत नसेल तर ऑफिसात आम्ही शेजारच्या दुकानाला फोन करतो. दुकानदार फोन उचलतोच, त्याचं पोट त्याच्यावर असतं. छोट्या विमानतळावर भाड्याच्या गाड्यांचं काउंटर दारातच असतं. मी मुलीला म्हटलं, “तिथल्या कार रेंटलचा नंबर शोध आणि मला जोडून दे.”

तेवढ्यात गारा सुरू झाल्या. आधी हरभऱ्याएवढ्या, मग लिंबाएवढ्या. पुढचे सगळे जण गाड्या पुलाखाली घुसवून उभे राहिले होते. पुढे जायला वाटच नव्हती. मीही एका पिकअपच्या मागे गाडी थांबवली. अर्धी गाडी पुलाखाली आणि मागची अर्धी बाहेर. डिकीवर दगड पडावेत तसा आवाज येत होता. त्या आवाजात दुसऱ्या टोकाला एका बाईने फोन उचलला.

मी माझं नाव न सांगता सरळ विचारलं, “तुमच्या समोर साडी नेसलेली एक म्हातारी बाई व्हीलचेअरमध्ये बसली आहे का?”

“अगं हो, आहे ना. हिरवे कपडे. केव्हाची एकटीच बसली आहे बिचारी. सगळे बसने गेले.”

“तिच्यासोबत कोणी आहे?”

“खुर्ची आणणारा मुलगा होता. त्याची शिफ्ट संपली.”

“तिला मधुमेह आहे. सकाळच्या नाश्त्यानंतर पोटात काही नाही. जरा जाऊन तिचा हात हातात घेऊन बघता का?”

तिच्या बुटांचा आवाज ऐकू आला. मी स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते. उभी गाडी होती, धरायचं काहीच कारण नव्हतं.

“हात गार आहे.” ती बाई म्हणाली. “कपाळावर घाम आहे. मी बोलते तर ती माझ्याकडे बघते, पण… दमलेली वाटते.”

“फोन स्पीकरवर टाका. आणि मशिनमधून एक कोक आणा. साधा. डाएट नको.”

मी मोठ्याने हाक मारली. “आई! मी बोलतेय. ऐकू येतंय का?”

उत्तर आलं ते अगदी सावकाश, एकेक शब्द उचलत, “मी… उठले नाही हो. बसूनच आहे.”

“आई, उठायचं नाही ते राहू द्या. ती बाई कोक आणतेय. ते प्यायचं.”

“मी गोड पीत नाही.”

“आज प्यायचंय.”

“नाही. मी सोडलंय.” आवाज चिडका झाला. साखर खाली गेली की त्या अशाच अडून बसतात. घरी दोन्ही वेळा नवऱ्याने मांडीवर डोकं धरून साखरेचं पाणी पाजलं होतं. इथे माझे हात पोचत नव्हते. “कोण बोलतंय?”

“मी. तुमची सून.”

“सून गोड पी म्हणणार नाही. ती माझ्या हातातली बर्फी काढून घेते.”

गाडीत हसण्यासारखं काही नव्हतं. पण त्यांचं म्हणणं खरं होतं. वीस वर्षं त्या घरात आल्या की मी डबे वरच्या फळीवर ठेवते, जिलबी आणली तर मोजून ठेवते, आणि चोरून खाल्लेलं पकडलं की तोंडावर बोलते. आता तीच मी फोनवरून गोड प्या म्हणत होते. त्यांनी का विश्वास ठेवावा?

“मीच ती!” मी ओरडले. “पोह्यांत साखर घालू देत नाही ती मीच! दिवाळीला तुम्ही अनारसे कपाटात साड्यांच्या मागे ठेवले होते, ते मीच काढले. आता मी प्या म्हणतेय म्हणजे काही कारण असेल ना? प्या!”

मुलगी आणि नवरा दोघेही कॉलवर ऐकत होते. मग कॅन उघडल्याचा आवाज आला.

“काळं आहे.” सासूबाई म्हणाल्या.

“काळंच असतं. घोट घ्या.”

“नाकात जातंय.”

“जाऊ द्या. आणखी घ्या.”

काउंटरवरची बाई मला हळूच सांगत होती, प्यायली, आणखी एक घोट, आणखी एक. माझ्या पुढच्या पिकअपमधला माणूस खाली उतरून गारा उचलून मुलांना दाखवत होता. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघत राहिले.

थोड्या वेळाने सासूबाईंचा आवाज जरा जवळ आल्यासारखा वाटला. “अगं, तू आहेस कुठे? मागे काय चाललंय, कोणी तांदूळ ओततंय का?”

“गारा पडताहेत. आई, आता काहीतरी खायला पाहिजे. तुमच्या पर्समध्ये आहे का काही?”

“आहेत की बिस्किटं. विमानात दिली होती दोन पाकिटं. शेजारच्यानेही त्याचं दिलं.”

“मग खाल्ली का नाहीत?”

“ती नातीसाठी ठेवलीत.”

“आई, नात चोवीस वर्षांची आहे!”

“म्हणून काय झालं?”

तेव्हा मुलगीच मधे पडली. तिचं मराठी मोडकं, त्यात रडवेली झालेली. “आजी, मला नको! तू खा ना! आय डोन्ट इव्हन लाइक देम, आजी, प्लीज खा!”

“अगंबाई, तूपण आहेस का?” सासूबाईंचा आवाज पार बदलला. “बरं, बरं. खाते. रडू नको बाप्पा.”

पाकिटाची कुरकुर ऐकू आली. ती बाई म्हणाली, “खातेय. मी इथे तिच्याजवळ बसते. माझ्याकडे आज गिऱ्हाईकच नाही. तू सावकाश ये, हनी.” मी तिला सांगितलं की पुन्हा घाम सुटला किंवा बोलणं अडखळलं तर मला विचारत बसू नकोस, सरळ ॲम्ब्युलन्स बोलाव. ती म्हणाली, तिच्या वडिलांनाही हाच आजार होता, तिला समजतं.

गारा थांबल्या आणि गाड्या एकेक करून पुलाखालून बाहेर पडल्या. पुढचा रस्ता मी कसा कापला ते मला नीट आठवत नाही. फक्त दर थोड्या वेळाने त्या काउंटरचा फोन लावायचे आणि ती बाई रिंग वाजायच्या आत उचलून सांगायची, ठीक आहे, बोलतेय, मला काहीतरी शिकवतेय.

मी पोचले तेव्हा सासूबाई खुर्चीत ताठ बसलेल्या होत्या. पदर नीट, पर्स मांडीवर, रिकामा कॅन पायाशी. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर ती बाई. मी सासूबाईंचा हात धरला, कोरडा होता. स्वतःचं नाव, माझं नाव, आजचा वार विचारला. वार चुकला, पण तो त्यांचा एरवीही चुकतो.

“बाथरूमला जायचंय.” त्या कानात म्हणाल्या. “सकाळपासून. उठू का आता?”

“उठा.”

त्या उठल्या, गुडघे धरून थोडं थांबल्या आणि चालू लागल्या. नेमका तेव्हाच लिफ्टवाल्या व्हॅनचा ड्रायव्हर आत आला. हातातल्या कागदावरचं नाव वाचून त्याने व्हीलचेअरकडे पाहिलं, मग तरातरा बाथरूमकडे निघालेल्या सासूबाईंकडे.

“ह्याच त्या?” त्याने विचारलं.

“ह्याच.”

“ह्या चालतात.”

“हो.”

तो वादळातून कुठून कुठे आला होता. त्याने कागदाची घडी करून खिशात घातली. मी सॉरी म्हटलं. त्याहून जास्त सांगायला गेले असते तर खुर्ची, दुभाषी, नणंद, सगळंच सांगावं लागलं असतं, आणि तरीही त्याची फेरी फुकटच गेली असती.

काउंटरवरच्या बाईला सासूबाईंनी दोन्ही हात जोडले आणि ‘थँक्यू’ तीनदा म्हटलं. मी कोकचे पैसे देऊ लागले तर तिने हात झटकला.

गावात शिरल्यावर पहिलं जे हॉटेल दिसलं तिथे गाडी थांबवली. ‘नो मीट’ सांगून झाल्यावर टोस्ट, परतलेले बटाटे आणि वाटीभर उकडलेला राजमा मिळाला. सासूबाई आधी भराभर, मग सावकाश खाऊ लागल्या. नवऱ्याचा फोन आला. बस डॅलसला पोचली होती आणि चाकांची बॅग डब्यासकट त्याच्या हातात होती. आईला फोन दे म्हणाला. दिला. त्या “हो, हो, खातेय” म्हणाल्या आणि ठेवून दिला.

मग नणंदेचा आला, तो मी स्पीकरवर टाकला. ती रडत होती, सॉरी म्हणत होती आणि त्याच दमात जूनमधल्या परतीच्या तिकिटाचंही बोलत होती. पर्याय कुठला निवडायचा, पहिला की दुसरा. पहिल्यात दारात सोडतात, दुसऱ्यात बसमध्ये घेत नाहीत.

सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. “हे बघ, चालता येतं असं लिही. पायऱ्या चढता येतात असं लिही. बोलता येत नाही, असं लिही. आहे का त्यांच्याकडे तशी खुर्ची?”

“आई, असं नसतं गं.” नणंद म्हणाली.

“का नसतं? विचारलंस का कधी?”

नणंदेने विचारलं नव्हतं. मीही नाही. आमच्या ओळखीत कोणीच कधी विचारलं नसेल. ती काहीतरी सांगायला लागली, पण सासूबाईंनी फोन मला परत दिला आणि टोस्टचा तुकडा राजम्यात बुडवला. तुकडा तोंडापर्यंत जाईस्तोवर मी बघत राहिले.

“वहिनी, तुम्ही ऐकताय ना?” नणंद म्हणाली.

“नंतर बोलू.” मी म्हटलं. “आई जेवताहेत.”